ठुबेकाकांचं काउंटर

ठुबेकाकांकडे गेलं की ते 'बसा' म्हणत नाहीत. 'झोपा' म्हणतात.

त्यांच्या व्हरांड्यात एक लोखंडी कॉट आहे. दवाखान्यात असते तशी, हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करता येणारी. दसऱ्यानंतरच्या दिवसांत पाहुण्याने चपला काढल्या की काका कॉटकडे बोट दाखवतात. पाहुणा आडवा झाला की स्वतः आत जातात आणि व्हरांड्याकडे उघडणाऱ्या खिडकीच्या गजांमागे स्टूल टाकून बसतात. मग गजांमधून तुटक, परका आवाज येतो, "समजा, तुम्हाला ॲडमिट केलंय. मी काउंटर. बोला."

माहीत नसलेला माणूस घाबरतो. एकदा एक कुरिअरवाला पाकीट द्यायला आला होता. काकांनी झोपा म्हटल्यावर तो बिचारा झोपला. सही घेण्याची या घरची हीच पद्धत असावी, असं त्याला वाटलं असणार. त्याला शुगर आहे का, असल्यास कोणत्या सालापासून, इथपर्यंत चौकशी झाल्यावर तो पाकीट कॉटवर टाकून पळाला. "सही राहिली त्याची," असं काका मला नंतर हळहळून सांगत होते.

केडगावात आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच कंपाउंडची भिंत आहे. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. काका एका बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्या बँकेच्या निवृत्त लोकांसाठी एक सामूहिक आरोग्य विमा आहे. दर वर्षी दसऱ्याच्या आसपास त्याचं परिपत्रक निघतं. पंधरा दिवसांत कोणता पर्याय हवा ते कळवायचं आणि वर्षाचा हप्ता भरायचा. मुदत चुकली की माणूस बाहेर. आणि एकदा बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत. सत्तरीच्या माणसाला दुसरी कुठली कंपनी दारात उभं करणार?

परिपत्रक असतं इंग्रजीत, बारीक टाइपात, आणि ज्यांच्यासाठी ते काढलेलं असतं त्यातल्या निम्म्यांना मोतीबिंदू. म्हणून लोक काकांकडे येतात. कोल्हारहून खर्डे मॅडम पेरूंची पिशवी घेऊन येतात. कर्जतकडून सोपानतात्या आणि त्यांच्या हौसाबाई एसटीने येतात. तात्या बँकेत शिपाई होते. काका सगळ्यांना परिपत्रक समजावून देतात, फॉर्म भरून देतात आणि आकडेमोडीसाठी मला भिंतीवरून हाक मारतात, "निमसे, कॅल्क्युलेटर घेऊन या." एवढं काम दुसऱ्या कोणीही केलं असतं. दवाखान्याच्या काउंटरवर काय बोलायचं त्याची तालीम मात्र फक्त काकाच घेतात.

त्यांचं म्हणणं असं, की क्लेम आजारामुळे जात नाही, तोंडामुळे जातो.

'समजा' हा त्यांचा लाडका शब्द. आमच्या गल्लीत या शब्दाची दहशत आहे. नव्याने निवृत्त झालेला एक मॅनेजर पेढे घेऊन आला, तेव्हा काकांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "अभिनंदन. समजा, पुढच्या महिन्यात तुम्हाला पॅरॅलिसिस झाला." माझी बायको दिवाळीचा फराळ द्यायला गेली, तर चकली हातात धरून म्हणाले, "सूनबाई, समजा, निमसे आत्ता बाथरूममध्ये पडले." बायको ताट तिथंच ठेवून परत आली. "तुमच्या काकांना सांगा," ती मला म्हणाली, "समजायचंच असेल तर एखादं चांगलं काहीतरी समजत जा म्हणावं."

पण काकांची तालीम अगदीच वेड्याची नव्हती. मी कॅल्क्युलेटर घेऊन त्या व्हरांड्यात बरीच वर्षं बसलो आहे, त्यामुळे खात्रीने सांगू शकतो.

हौसाबाईंची तालीम मला अजून आठवते. त्या पदर सावरत कॉटवर आडव्या झाल्या. तात्या पायथ्याशी उभे राहिले, खरोखरच पेशंटला भेटायला आल्यासारखे.

"काय होतंय?" काउंटरने विचारलं.

"गुडगं दुकत्यात."

"कधीपासून?"

"थोरलीच्या लग्नापासनं."

"थोरलीचं लग्न कधी झालं?"

"बोअर आटली त्या साली."

"बोअर कधी आटली?"

हौसाबाईंनी कॉटवरूनच नवऱ्याकडे मान वळवली. "आवो, बोअर आटली ती म्हस गेली त्याच्या आदी का मागनं?"

"मागनं," तात्या म्हणाले. "म्हस गेली तवा बोअरला लई पानी हुतं. मीच रोज धूत हुतो न्हवं का तिला."

काउंटरने गजांवर पेन आपटलं. "मावशी, म्हशीच्या मरणावर क्लेम पास होत नाही. अंदाज नको. आकडा सांगा."

"आता आकडा कुटनं आनू बाबा? दुकाया लागलं तवा काय क्यालिंडर बघत बसले हुते व्हय मी?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. खिडकीतून उठून बाहेर आले आणि कॉटच्या कडेला उभे राहून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मावशी, तिथली पोरगी हसणार नाही. ती थोरलीचं लग्न मोजेल, अठरा वर्षं लिहील आणि कंपनी म्हणेल, एवढा जुना आजार आम्हाला आधी का नाही कळवला. गुडघे अधूनमधून कुरकुरत होते ते वेगळं. डॉक्टरांनी फोटो काढून आजार आहे असं पहिल्यांदा कधी सांगितलं?"

"औंदा. पाडव्याच्या टायमाला."

"मग तेवढंच. डॉक्टरांनी सांगितलं ती तारीख."

खरी गोम तिथंच आहे. आपल्याकडे दुखणं कोणी सालात ठेवत नाही. कोणाच्या लग्नाला, कोणाच्या मरणाला, एखाद्या दुष्काळाला ते बांधून ठेवलेलं असतं. फॉर्मवर मात्र एक चौकोन असतो आणि त्यात आकडाच बसतो. बाई सांगते लग्न, मुलगी लिहिते अठरा, आणि त्या दोन शब्दांमध्ये कुठंतरी क्लेम मरतो.

खर्डे मॅडमचं प्रकरण उलटं होतं. त्यांना न्यूमोनिया झाला होता. राउंडला आलेले डॉक्टर रोज विचारायचे, "कसं वाटतंय?" आणि मॅडम, जन्मभर काउंटरवर ग्राहकांशी गोड बोललेल्या, दम लागलेला असतानाही म्हणायच्या, "छान आहे डॉक्टर, तुमच्या कृपेने." डॉक्टरांनी केसपेपरवर रोज 'तक्रार नाही' लिहिलं. कंपनीने कळवलं, तक्रारच नव्हती तर ॲडमिट कशाला झालात? तेव्हापासून काकांच्या व्हरांड्यात 'बरं आहे' म्हणायला बंदी आहे. नेहमीच्या सवयीने कोणी "काय काका, बरं आहे ना?" विचारलं तरी ते डोळे वटारून म्हणतात, "केसपेपरवर लिहिणार आहात का?"

एक मात्र नोंदवतो. खोटं बोलायला त्यांनी कोणाला कधी शिकवलं नाही. शुगर लपवणाऱ्या एका साहेबांना त्यांनी कॉटवरून उठवून घरी पाठवलं होतं. "आहे ते लिहा, विचारलं तेवढं सांगा, नाही ते बोलू नका," एवढीच त्यांची शिकवण.

आता माझ्या कामाबद्दल. ते सांगायला मला फारसा उत्साह नाही. दर वर्षी मी तीन पर्याय एका कागदावर मांडतो. साधी पॉलिसी, जादा हप्ता भरून विम्याची रक्कम वाढवणाऱ्या टॉप-अपसह पॉलिसी आणि बाहेर पडणं. दर वर्षी हप्ता वाढतो आणि मिळणारं कमी होतं. एका वर्षी खोलीच्या भाड्यावर मर्यादा आली. पुढच्या वर्षी मोतीबिंदूवर आली. त्याच्या पुढच्या वर्षी प्रत्येक बिलातला ठरावीक हिस्सा पेशंटने द्यायचा, असं कलम आलं. पेन्शन होती तिथंच. मी तिन्ही पर्याय कितीही वेळा तपासले, तरी तिन्हींत म्हातारा माणूस हरतो. कोणत्या वर्षी हरतो, एवढाच फरक. मी हे काकांना एकदा स्पष्ट बोलून दाखवलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "लोकांना सांगू नका. त्यांना टॉप-अपचं सांगा."

दर दसऱ्याला व्हरांड्याबाहेरच्या चपला कमी होत गेल्या. काही जण वारले. काहींना मुलांनी पुण्याला नेलं. बरेच जण हप्ता परवडेना म्हणून बाहेर पडले. गंमत अशी, की बाहेर पडलेल्यांपैकी काही जण तरीही येत राहिले. सोपानतात्याही गेल्या वर्षी बाहेर पडले. यंदा हौसाबाईंना घेऊन पुन्हा एसटीने हजर. मी म्हटलं, "तात्या, तुमची पॉलिसीच नाही. तालीम कशाला?"

तात्या टोपी काढून कॉटच्या कडेला टेकले. "सायेब, घरी कोन इचारतंय कुटं दुकतंय म्हनून? हितं झोपलं की मानूस खिडकीतनं इचारतो. बरं वाटतंय."

"बरं वाटतंय म्हणायचं नाही," खिडकीतून आवाज आला.

यंदा गोष्ट जास्तच बिघडली. जुन्या कंपनीने हात वर केले आणि बँकेच्या लोकांचा विमा एका नव्या कंपनीने घेतला. नव्या कंपनीच्या फॉर्मवर एक नवा रकाना होता. आधीपासून असलेले सगळे आजार त्यात लिहायचे. जुना आजार असूनही तिथं लिहिलेला नाही असं पुढं आढळलं, तर त्याचा क्लेम नामंजूर. काकांनी त्या रकान्यासाठी जिवाचं रान केलं. प्रत्येकाची जुनी चिठ्ठी, जुना रिपोर्ट, जुन्या गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं. तालीम दुप्पट लांबली. "कधीपासून?" हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा विचारला, की समोरच्या घरातली छोटी पोरं खेळताना एकमेकांना गजांमागून "कधीपासून?" असं ओरडू लागली.

शेवटच्या दिवशी काकांचा स्वतःचा फॉर्म राहिला होता. तो मी भरला.

"आजार?" मी विचारलं.

"काही नाही."

"बीपी? शुगर?"

"निमसे, डॉक्टरची पायरी मी माझ्यासाठी कधी चढलेलो नाही. लिहा, काही नाही."

मी तसं लिहिलं. त्यांनी सही केली. तालीम झाली नाही. खरं तर त्यांची तालीम कधीच कोणी घेतली नव्हती, आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ते कायम खिडकीच्या आतल्या बाजूला.

त्या कॉटवर ते कधी बसतसुद्धा नसत. ती कॉट काकूंची. काकूंचं शेवटचं आजारपण घरातच झालं. आतल्या खोलीत त्यांचा जीव घुसमटायचा, रस्त्यावरची माणसं दिसायला हवीत म्हणून काकांनी कॉट व्हरांड्यात मांडली. काकू तिथून प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायच्या, आणि काका स्वयंपाकघरातून, त्याच खिडकीतून, "पाणी हवं का? उशी वर करू का?" असं विचारत राहायचे. काकू गेल्या. नाशिकची मुलगी म्हणाली, बाबा, ती कॉट कोणाला तरी देऊन टाका. "असू दे, लागते," काका म्हणाले. पुढच्या दसऱ्याला पहिला पाहुणा आला, त्याला त्यांनी तिथं झोपवलं. ते स्वतः दुपारी कॉटशेजारी फरशीवर सतरंजी टाकून पडतात. माझी बायको हे मला पूर्वीच म्हणाली होती. मी तेव्हा त्याची दखल घेतली नाही.

दिवाळी झाली. नवी पॉलिसी सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. एका सकाळी मी अंघोळ करून डबा भरत होतो. भिंतीवरून नेहमीसारखी हाक आली नाही, भिंतीवर थाप आली. जाऊन पाहिलं तर काका पलीकडे त्याच भिंतीला टेकून खाली बसलेले, घामाने भिजलेले, उजवा हात छातीवर.

"निमसे," ते म्हणाले, "कार्ड कपाटात, वरच्या कप्प्यात."

मी गाडी काढली. वाटेत ते तीन दिवसांपासून छातीत कळ येत असल्याचं म्हणाले. मी मनात पक्कं केलं. तीन दिवस. काउंटरवर मी बोलायचं, त्यांना बोलू द्यायचं नाही. मी इतकी वर्षं त्या व्हरांड्यात उगाच बसलो नव्हतो.

दवाखान्यात त्यांना व्हीलचेअरवर बसवलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि लगेच वर न्यायला सांगितलं. विम्याच्या काउंटरवर एक मुलगी होती. चांगली होती, थकलेली होती. मी कार्ड, आधार, पॉलिसीचा कागद क्रमाने काचेखालून सरकवला. तिने सगळं टिपलं आणि काचेवरून वाकून, माझ्याकडे नाही, थेट काकांकडे पाहत मायेने विचारलं, "आजोबा, छातीत कधीपासून दुखतंय?"

"तीन..." मी म्हणेपर्यंत काकांनी उत्तर दिलं होतं.

"ही गेल्यापासून."

"ही म्हणजे कोण, आजोबा?"

"आमची मंडळी."

"कधी गेल्या?"

"सहा वर्षं झाली."

मुलीने मान हलवली आणि लिहिलं. मला काचेतून तिचं अक्षर उलटं दिसत होतं, तरी आकडा वाचता आला. मी म्हटलं, अहो ताई, तसं नाही, ते आपलं बोलायचं म्हणून बोलले. ती म्हणाली, पेशंट शुद्धीवर असला की पेशंटचंच लिहावं लागतं, सर. तेवढ्यात व्हीलचेअर लिफ्टकडे गेली. मागे वळून काका मला म्हणाले, "झेरॉक्स घेऊन ठेवा." इतक्या लोकांना ज्या एका उत्तरापासून त्यांनी वाचवलं होतं, तेच उत्तर ते देऊन गेले होते, आणि झेरॉक्सची आठवण करत होते. मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना.

स्टेंट बसला. जीव वाचला. क्लेम नामंजूर झाला. कारण एका ओळीचं होतं, आजार सहा वर्षांपासूनचा, फॉर्मवर जाहीर केलेला नाही.

बिल काकांनी भरलं ते एका ठेवीतून. ती ठेव त्यांनी पुढच्या काही वर्षांचे हप्ते भरण्यासाठीच बाजूला ठेवली होती. मी घरी येऊन मांडणी केली. क्लेम मिळाला तर ठेव पूर्ववत होते आणि काका आत राहतात. नाही मिळाला तर पुढच्या दसऱ्याला हप्ता भरायला काही उरत नाही, आणि स्टेंट बसलेला माणूस कायमचा बाहेर. यात तिसरा पर्याय मला सापडला नाही. नाशिकची मुलगी म्हणाली, मी भरते. काका म्हणाले, "तुझं तू बघ," आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

एक वाट उरली होती. डॉक्टर भले होते. तपासणीत जुन्या हृदयविकाराची कोणतीही खूण नाही, त्रास अलीकडचाच आहे, असं त्यांनी लिहून दिलं. कंपनीने फेरविचार करू म्हणून कळवलं. त्यांचा माणूस पेशंटला फोन करून एकदा खात्री करणार होता. काकांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की ते वाक्य मी वेदनेत बोललो, त्रास तीन दिवसांपासूनचा. यात काही खोटंही नव्हतं. कळ तीन दिवसांपासूनचीच होती.

फोन येणार त्या दिवशी मी रजा काढली आणि काकांकडे गेलो. ते स्टुलावर बसले होते, अशक्त, दाढी वाढलेली.

"झोपा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॉटकडे पाहिलं.

"काका, तालीम आहे. झोपा."

ते उठले. कॉटच्या कडेवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले आणि मग सावकाश आडवे झाले. मी हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर केली. "थोडी खाली," ते म्हणाले. "तिला एवढी वर चालायची नाही." मी खाली केली. मग आत गेलो, खिडकीच्या गजांमागे बसलो. त्या जागेवरून मी व्हरांडा कधी पाहिला नव्हता. कॉटवरचा माणूस तिथून फक्त खांद्यापर्यंत दिसतो, आणि त्याच्या पलीकडे सगळा रस्ता.

"मी कंपनी," मी म्हटलं. "छातीत कधीपासून दुखत होतं?"

काका रस्त्याकडे पाहत होते.

"कधीपासून, काका?"

"ही गेल्यापासून."

"काका!" मी गजांवर पेन आपटलं. "तुमचाच नियम आहे. डॉक्टरांनी सांगितलं ती तारीख. हौसाबाईंना तुम्ही काय सांगितलं होतं? आणि खरंच सहा वर्षं दुखत होतं, तर फॉर्मवर का नाही लिहिलं? मी विचारलं होतं तुम्हाला."

"तिथं आजार विचारला होता, निमसे. हा आजार आहे, हे मला कुठं माहीत होतं?"

मी शेवटी हिशेबाचा माणूस. मी त्यांना ठेवीचा आकडा सांगितला, पुढच्या हप्त्याचा सांगितला, या एका वाक्याची किंमत किती, तीही सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बेरीज बरोबर आहे म्हणाले.

"मग तीन दिवस म्हणाल ना?"

त्यांनी कॉटच्या लोखंडी कडेवरून अंगठा फिरवला.

"समजा," ते म्हणाले, "म्हणालो तीन दिवस. कंपनीने लिहून घेतलं. पास झालं. म्हणजे ती गेली त्या दिवसापासून परवा-परवापर्यंत मला काहीच झालं नाही, असं होईल. कागदावर कायमचं तसं राहील." मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "मी लोकांना सांगायचो, अंदाज नको. हा अंदाज नाही हो."

खिडकीत ठेवलेला त्यांचा मोबाईल वाजू लागला. मी तो उचलून बाहेर गेलो. नंबर मुंबईचा होता. मी डोळ्यांनीच त्यांना एकदा विनवलं. त्यांनी हात पुढे केला, फोन घेतला, कानाला लावला आणि आडवे असतानाच सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतलं.

"हो, ठुबेच बोलतोय," ते म्हणाले. "विचारा."

पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता. काकांनी पूर्ण प्रश्न ऐकून घेतला, मध्ये बोलले नाहीत.

"आकडा सांगतो," ते म्हणाले. "लिहून घ्या."